उलट्या ऋतूंतला कापडव्यापार : व्हिक्टोरियाकालीन ऑस्ट्रेलियातील ड्रेपरचे दुकान

वारावर कापड, तयार वस्त्रे आणि शिवणकामाचे साहित्य विकणाऱ्या दुकानदाराला इंग्रजीत ‘ड्रेपर’ म्हणत. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यकाळात (१८३७–१९०१) ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतींच्या प्रत्येक शहरात आणि पुढे बहुतेक लहानमोठ्या गावांत ड्रेपरचे दुकान असे. त्यातील बराचसा माल ब्रिटनमधून जहाजाने येई. कपड्यांची चाल लंडन आणि पॅरिस येथे ठरे, आणि ती मेलबर्नच्या किंवा सिडनीच्या फडताळावर पोहोचण्यापूर्वी अर्धी पृथ्वी ओलांडून येई. वाटेत विषुववृत्त लागे, आणि ते ओलांडताच ऋतूही उलटे होत.

या दुकानांचा इतिहास सामान्यतः फॅशनचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो काळाशी खेळलेल्या जुगाराचा इतिहास आहे. सहा महिन्यांनी लोक काय घालतील याचा अंदाज आज बांधायचा, त्यावर उधारीचे पैसे लावायचे आणि अंदाज चुकला तर त्याची झळ कोणाच्या अंगावर टाकायची हे ठरवायचे, हाच या धंद्याचा गाभा होता. ती झळ प्रथम दुकानदाराने सोसली. पुढे तिचा मोठा वाटा दुकानातील नोकरांकडे आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांकडे सरकला.

ड्रेपरचा धंदा आणि त्याची सुरुवात

ड्रेपर स्वतः शिंपी नसे. त्याच्याकडे सुती, लोकरी, रेशमी आणि तागाच्या कापडाचे तागे असत. त्यांच्या जोडीला फिती, लेस, गुंड्या, अस्तर, दोरा, सुया, हातमोजे, पायमोजे, छत्र्या आणि शाली असत. मोठ्या दुकानांत स्त्रियांच्या टोप्या सजवण्याचा आणि झगे बेतण्याचा वेगळा विभागही असे. बहुसंख्य स्त्रिया कापड घेऊन घरी शिवत किंवा शिवणारणीकडे देत; त्यामुळे दुकानातील विक्रेत्याला कापडाचा पोत, रंगाचा पक्केपणा आणि एका झग्याला लागणारे वार यांची पक्की माहिती असावी लागे.

सिडनीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डेव्हिड जोन्स यांचे. वेल्समध्ये १७९३ मध्ये जन्मलेले जोन्स १८३५ मध्ये ऑस्ट्रेलियात आले. प्रारंभी भागीदारीत व्यापार करून त्यांनी १८३८ मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर, टपाल कार्यालयासमोर स्वतःचे दुकान उघडले. त्यांच्या नावाची दुकाने आजही चालू आहेत. मेलबर्नमध्ये मार्स बकली आणि क्रम्प्टन जॉन नन यांनी सोन्याच्या शोधाच्या सुमारास ‘बकली अँड नन’ ही पेढी सुरू केली आणि बर्क स्ट्रीटवर तिचे बस्तान बसवले.

या धंद्याला खरी गती सोन्याने दिली. व्हिक्टोरिया वसाहतीत १८५१ मध्ये सोने सापडले तेव्हा तिची लोकसंख्या सुमारे ७७,००० होती. १८६१ मध्ये ती ५,४०,००० च्या घरात गेली. अंगावरच्या कपड्यांनिशी उतरलेल्या या माणसांना प्रथम जाड सदरे, घोंगड्या आणि तंबूचे कापड हवे होते. ज्यांच्या हाती सोने लागले त्यांना लवकरच रेशीम हवेसे झाले. नव्या समाजात कोणाचे कूळ कोणाला ठाऊक नव्हते. अशा ठिकाणी माणसाची ओळख त्याच्या पोशाखावरून ठरे. त्यामुळे मायदेशातल्या चालीप्रमाणे कपडे घालणे ही हौस असली तरी तीत प्रतिष्ठेचाही प्रश्न होता.

उलटे पंचांग

दक्षिण गोलार्धात वसंत सप्टेंबरमध्ये येतो आणि हिवाळा जूनमध्ये. म्हणून ऑस्ट्रेलियातील ड्रेपर उन्हाळी मालाची जाहिरात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि हिवाळी मालाची मार्च-एप्रिलमध्ये करत. लंडनमध्ये हे सगळे नेमके उलट चाले. वरवर पाहता ही अडचण वाटते; प्रत्यक्षात वसाहतीच्या व्यापाराला याच उलटेपणाने तारले.

लंडनच्या दुकानांत मार्च-एप्रिलमध्ये नव्या उन्हाळ्याची चाल मांडली जाई. तिथल्या खरेदीदाराने एप्रिल-मेमध्ये माल निवडला आणि मेअखेर किंवा जूनमध्ये जहाजावर चढवला, तर शिडाच्या जहाजाच्या तीन महिन्यांच्या प्रवासानंतर तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मेलबर्नला पोहोचे. तिथे त्याच वेळी वसंत सुरू होत असे. प्रवासात गेलेला काळ आणि ऋतूंमधले अंतर असे एकमेकांत मिसळून जाई. हिवाळी मालाचेही तसेच : ऑक्टोबरमध्ये निवडलेली लोकरी वस्त्रे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निघत आणि मार्चमध्ये दाखल होत. म्हणजे मेलबर्नची स्त्री लंडनच्या सहा महिने मागे असली, तरी तिच्या अंगावरचा झगा तिच्या स्वतःच्या ऋतूत नवाच असे.

मात्र हे गणित अर्धेच झाले. लंडनच्या खरेदीदाराला काय घ्यायचे आणि किती घ्यायचे हे कळवणारे पत्रही बोटीनेच जाई. सुएझच्या मार्गाने जाणाऱ्या टपालाला १८६० च्या दशकात सुमारे दोन महिने लागत. एप्रिलच्या खरेदीसाठीची यादी मेलबर्नहून जानेवारी-फेब्रुवारीतच निघावी लागे. त्या वेळी तिथे ऐन उन्हाळा असे. चालू हंगामातला निम्मा माल अजून फडताळावर पडून असे. कोणता रंग खपेल आणि कोणता अंगावर पडेल याचा निकाल लागण्याआधीच दुकानदाराला पुढच्या उन्हाळ्याची मागणी नोंदवावी लागे. विक्रीचा अनुभव आणि खरेदीचा निर्णय यांच्यामध्ये समुद्र आडवा पडला होता.

हुंडी, विमा आणि बुडालेला माल

हा व्यापार उधारीवर चाले. ब्रिटनमधील ठोक व्यापारी किंवा अडतीची पेढी माल पाठवी आणि त्यासोबत ठरावीक मुदतीची हुंडी येई. मुदत भरेपर्यंत माल विकून पैसे उभे करायचे, असा सरळ हिशेब असे. पण जहाज महिनाभर उशिरा आले किंवा उन्हाळा थंड गेला, तरी हुंडीची तारीख हलत नसे. हंगाम उलटून गेलेले कापड पुढील वर्षी निम्म्या किमतीलाही जाईल याची खात्री नसे. ‘हंगामअखेरची विक्री’ या नावाने होणारे सवलतीचे सेल मुख्यतः या गरजेतून रूढ झाले : नफ्याची आशा सोडून रोकड हाती घ्यायची आणि हुंडी चुकती करायची.

एकट्या दुकानदाराचा अंदाज चुकला तर एक दुकान बुडे. सगळ्यांचा एकदम चुकला तर बाजार बसे. सोन्याची बातमी ऐकून ब्रिटनमधील व्यापाऱ्यांनी १८५३ मध्ये मेलबर्नला मालाचा अक्षरशः पूर पाठवला. प्रत्येकाने तेजीचे जुने भाव वाचले होते. आपल्यासारख्या इतर शेकडो जणांनीही जहाजे भरली आहेत हे कोणालाच दिसत नव्हते. माल पोहोचेपर्यंत धक्के आणि गोदामे भरून वाहत होती. १८५४ मध्ये पेट्याच्या पेट्या लिलावात खरेदीच्या किमतीहून कमी भावाला गेल्या आणि अनेक पेढ्यांचे दिवाळे वाजले.

मुरलेला व्यापारीही यातून सुटत नसे. डेव्हिड जोन्स यांनी १८५६ मध्ये व्यवस्थापनातून निवृत्ती घेतली. त्यानंतर काही वर्षांतच पेढी बुडाली. तेव्हा साठी ओलांडलेल्या जोन्स यांनी कर्जाऊ भांडवल घेऊन कारभार पुन्हा हाती घेतला आणि सर्व धनकोंची देणी फेडली. १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले. आज भव्य दुकानावर दिसणाऱ्या नावामागे एकदा पूर्ण कोसळून पुन्हा उभा राहिलेला व्यवहार आहे.

समुद्राची जोखीम तर सदाचीच होती. ‘लॉख आर्ड’ हे जहाज १८७८ च्या मार्चच्या प्रारंभी इंग्लंडहून निघाले आणि १ जून रोजी, मेलबर्न अगदी जवळ आले असताना, व्हिक्टोरियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर फुटले. जहाजावरील ५४ जणांपैकी दोघेच वाचले. त्याच्या मालात गवती टोप्या, छत्र्या, अत्तरे, तागाचे कापड, घड्याळे आणि पियानो होते. १८८० च्या मेलबर्न आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी पाठवलेला चिनी मातीचा मोठा मोर मात्र जवळजवळ अभंग किनाऱ्याला लागला. तो आज वॉर्नम्बूल येथील फ्लॅगस्टाफ हिल संग्रहालयात आहे. बुडालेल्या मालाची किंमत विमा भरून देई, पण चुकलेला हंगाम कोणताच विमा परत देत नसे.

दुकानाच्या आत

मोठ्या ड्रेपरच्या दुकानात लांब लाकडी काउंटर असे, त्यामागे छतापर्यंत फडताळे आणि काउंटरपुढे बायकांसाठी खुर्च्या. आज आपण दुकानात फिरून वस्तू हाताळतो; तेव्हा गिऱ्हाईक बसे आणि माल त्याच्यापुढे आणला जाई. दाराशी उभा असलेला देखरेख्या गिऱ्हाइकाचे स्वागत करून त्याला योग्य काउंटरपर्यंत नेई आणि विक्रेत्यांवर डोळा ठेवी. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले तर त्याचा जाब विक्रेत्याला द्यावा लागे.

किमती बहुधा पूर्ण शिलिंगात नसत. बारा पेन्सचा एक शिलिंग होई. त्याऐवजी ‘पावणेबारा पेन्स’ अशी किंमत लावली की वस्तू स्वस्त वाटे. उरलेल्या पाव पेनीच्या नाण्याऐवजी टाचण्यांचा कागद हातावर ठेवण्याची चाल ब्रिटिश ड्रेपरांमध्ये सर्रास होती. गल्ला एका ठिकाणी असे. विक्रेत्यापासून गल्ल्यापर्यंत पैसे नेणारी पोरे दुकानभर धावत. १८८० च्या दशकापासून त्यांची जागा तारेवरून किंवा रुळावरून सरकणाऱ्या डब्यांनी घेण्यास सुरुवात केली.

बाहेरून देखण्या दिसणाऱ्या या जगातले कामाचे तास लांब होते. मेलबर्नच्या गवंड्यांनी १८५६ मध्ये आठ तासांचा दिवस मिळवला आणि ती गोष्ट जगभर गाजली. त्याच शहरातील दुकानांत काम करणारे स्त्री-पुरुष मात्र रात्री उशिरापर्यंत, शनिवारी तर त्याहूनही उशिरापर्यंत उभे असत. दुकाने लवकर बंद व्हावीत यासाठी अनेक वर्षे चळवळ चालली. ऐच्छिक करार होत आणि मोडत, कारण शेजारचे दुकान उघडे असताना आपले बंद करणे कोणालाच परवडत नसे. अखेर व्हिक्टोरियाच्या १८८५ च्या कारखाने व दुकाने कायद्याने बहुतेक दुकानांना बंद होण्याची वेळ घालून दिली : आठवड्यात संध्याकाळी सात आणि शनिवारी रात्री दहा.

फॅशन आणि हवामान

आयात केलेली चाल स्थानिक हवामानाला मानवेलच असे नव्हते. पोलादी कड्यांचा, पिंजऱ्यासारखा घेर असलेला ‘क्रिनोलिन’ १८५६ च्या सुमारास युरोपात आला आणि लवकरच वसाहतीतही दाखल झाला. एका झग्याला लागणारे कापड त्याने कितीतरी वाढवले, म्हणून ड्रेपरांना तो हवाहवासा होता. त्याच वर्षी विल्यम पर्किन या तरुण रसायनशास्त्रज्ञाने डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला. त्यानंतर दर हंगामाला नव्या भडक रंगांची लाट येऊ लागली. मालाचे आयुष्य यामुळे घटले : गेल्या वर्षीचे कापड फाटले नसले तरी रंगाने जुने ठरू लागले.

धूळ, माश्या आणि चाळीस अंशांकडे झुकणारे ऊन यांच्यासमोर विलायती पोशाखाला थोडी तडजोड करावी लागली. हलक्या मलमलीचे पांढरे झगे, चेहऱ्यावर जाळी आणि हातात छत्री ही उन्हाळ्यातली सामान्य वेशभूषा झाली. पुरुष टोपीभोवती पातळ कापडाचा पट्टा गुंडाळून त्याचे टोक मानेवर सोडत. या पट्ट्याला ते ‘पगरी’ म्हणत. हा आपल्या पगडीचा, ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेला अवतार.

हंगाम नसलेला एकच माल दुकानात असे : दुखवट्याचा. नात्याच्या जवळिकीनुसार ठरावीक महिने काळे कपडे घालण्याची रूढी त्या काळी कडक होती. त्यासाठी लागणारे निस्तेज, सुरकुतलेले क्रेप कापड प्रत्येक ड्रेपर साठवून ठेवी. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी निवर्तले. ही बातमी ऑस्ट्रेलियात दोन महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात पोहोचली आणि भर फेब्रुवारीत सभ्य समाजाने काळे वस्त्र परिधान केले. अशी मागणी आगाऊ नोंदवता येत नाही. ज्याच्या फडताळावर काळे कापड आधीच होते त्याचाच ते त्या दिवशी खपले.

तार आली, अंतर आटले

सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला आणि आगबोटींचा मार्ग आखूड झाला. तीन वर्षांनी, १८७२ मध्ये, ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणोत्तर ओलांडणारी तारवाहिनी पूर्ण झाली आणि डार्विनमार्गे लंडनशी जोडली गेली. या मार्गातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या ओळखीचा आहे : सुएझ आणि एडनहून येणारी समुद्री तार मुंबईला उतरे, तिथून जमिनीवरून मद्रासला जाई आणि पुढे पेनांग, सिंगापूर व जावामार्गे डार्विनला पोहोचे. मेलबर्नच्या ड्रेपरने लंडनला पाठवलेली मागणी अशी मुंबईवरून जाऊ लागली.

सुरुवातीला वीस शब्दांच्या तारेला जवळपास दहा पौंड पडत. म्हणून व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांचे कोश वापरात आणले; एका शब्दात पूर्ण वाक्य मावे. महाग असली तरी तारेने धंद्याचे अंतरंग बदलले. जानेवारीत बांधायचा अंदाज आता एप्रिलपर्यंत लांबवता येऊ लागला. एखादा रंग खपतो आहे असे दिसताच त्याची जादा मागणी आगबोटीने त्याच हंगामात आणता येऊ लागली. हातमोजे, फिती, लेस असा हलका आणि महाग माल तर आधीपासूनच टपालाच्या आगबोटीने येत असे, आणि जाहिरातीत तसे अभिमानाने छापले जाई.

यामुळे दुकानदाराची जोखीम कमी झाली. पण मागणीची घाई संपली नाही. ती जागा बदलून शिवणकामाच्या खोलीत शिरली.

शिवणाऱ्या स्त्रियांवरचा भार

व्हिक्टोरिया वसाहतीने १८६६ मध्ये आयात मालावर संरक्षक जकात बसवली आणि पुढे ती वाढवत नेली. शेजारच्या न्यू साउथ वेल्सने मात्र खुल्या व्यापाराचे धोरण ठेवले. जकात तयार कपड्यांवर भारी पडल्याने मेलबर्नमध्ये आयात कापडापासून स्थानिक पातळीवर कपडे शिवण्याचा उद्योग वाढला. शिवणयंत्राने त्याला हात दिला. फ्लिंडर्स लेन आणि तिच्या आसपासचे रस्ते कापडाच्या ठोक व्यापाराचे आणि शिलाईचे केंद्र बनले. या व्यापारात किती पैसा होता हे पाहायचे असेल तर कापडाचे ठोक व्यापारी फ्रेडरिक सार्गूड यांनी १८६८ मध्ये बांधण्यास घेतलेला ‘रिपन ली’ हा वाडा पाहावा. मेलबर्नच्या उपनगरातील हा वाडा आज लोकांसाठी खुला आहे.

वाड्याच्या दुसऱ्या टोकाला नगावर शिवणाऱ्या बायका होत्या. हंगाम जवळ आला की रात्रंदिवस काम, हंगाम सरला की हात रिकामे. अनेक जणी कारखान्यातले काम झाल्यावर घरीही गठ्ठे नेत, कारण दिवसभराच्या नगांत पोट भरत नसे. फ्लिंडर्स लेनमधील बीथ, शीस अँड कंपनीने डिसेंबर १८८२ मध्ये नगामागचा दर घटवला तेव्हा तिथल्या शिवणकामगार स्त्रियांनी काम थांबवले. ट्रेड्स हॉलमध्ये सभा झाली, स्त्रियांची संघटना उभी राहिली आणि संप इतर कारखान्यांत पसरला. वृत्तपत्रांनी त्यांची बाजू मांडली, नागरिकांनी वर्गणी दिली, आणि पुढील काही महिन्यांत अनेक मालकांनी वाढीव दर मान्य केले. ऑस्ट्रेलियातील स्त्री-कामगारांच्या संघटनांच्या इतिहासात हा संप आरंभबिंदू मानला जातो.

या संपाच्या आणि दुकान-नोकरांच्या तक्रारींच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या चौकशी आयोगातून १८८५ चा कायदा आला. तो अपुरा ठरला. घरी काम देऊन नियम चुकवणे सुरूच राहिले. म्हणून १८९६ मध्ये व्हिक्टोरियाने तयार कपडे, सदरे आणि अंतर्वस्त्रे यांसह काही निवडक धंद्यांसाठी वेतनमंडळे नेमली आणि किमान दर ठरवण्याचा अधिकार त्यांना दिला. कायद्याने किमान वेतन ठरवण्याच्या जगातील पहिल्या प्रयत्नांत याची गणना होते. ड्रेपरच्या काचेमागे मांडलेल्या झग्याची खरी किंमत काय, हा प्रश्न यामुळे प्रथमच सार्वजनिक झाला.

खुल्या व्यापाराच्या सिडनीतही आयातीवरचे अवलंबन दुकानदारांना खटकत होते. डेव्हिड जोन्स यांच्या पेढीने १८८७ मध्ये जॉर्ज स्ट्रीटवरील दुकान नव्याने बांधले, टपालाने माल पाठवण्याची सोय सुरू केली आणि आयात मालावरची भिस्त कमी करण्यासाठी मार्लबरो स्ट्रीटवर स्वतःचा कारखाना काढला.

फडताळावरचे भारतीय शब्द

मेलबर्नच्या ड्रेपरच्या याद्या वाचताना मराठी वाचकाला अनेक शब्द ओळखीचे वाटतात. ‘कॅलिको’ कालिकतवरून, म्हणजे आजच्या कोझिकोडवरून आला. ‘चिंट्झ’ म्हणजे आपली छीट. ‘नेनसुक’ हे तलम सुती कापड म्हणजे नैनसुख. कामगारांच्या जाड विजारींचे ‘डंगरी’ हे नाव तर थेट मुंबईच्या डोंगरी भागाचे. नावे हिंदुस्थानची, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यातील बहुतेक कापड लँकेशायरच्या गिरण्यांत विणलेले असे. एके काळी हिंदुस्थानने जगाला विकलेले कापड आता इंग्लंड त्याच नावांनी जगाला, आणि हिंदुस्थानलाही, विकत होते.

कापसाचा धागा मात्र महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडसह पश्चिम आणि मध्य भारतातील कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाऊ लागला. मुंबईत सट्ट्याची लाट आली आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये ती फुटली. त्याच वर्षांत मेलबर्नच्या काउंटरवर साध्या सुती कापडाचे भाव चढले होते. वऱ्हाडचा शेतकरी, लँकेशायरचा विणकर आणि मेलबर्नची गृहिणी एकमेकांना न ओळखताही एकाच बाजाराच्या चढउतारात सापडले होते.

शहरापासून दूर, रेल्वे न पोहोचलेल्या शेतवाड्यांवर हा माल नेण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अनेक भारतीय फेरीवाल्यांनी केले. ते मुख्यतः पंजाब आणि वायव्य हिंदुस्थानातील शीख, मुस्लिम आणि हिंदू होते. शहरातील गोदामांतून उधारीवर माल उचलायचा, पाठीवरच्या गाठोड्यातून किंवा घोडागाडीतून तो घरोघर न्यायचा आणि दोरा, गुंड्या, छिटे, सदरे विकायचे, हा त्यांचा व्यवसाय. महिनोन्‌महिने शेजारीण न दिसणाऱ्या शेतकरी स्त्रियांसाठी हा फेरीवाला म्हणजे चालतेबोलते ड्रेपरचे दुकानच होता. त्यांच्याविरुद्ध तक्रारीही झाल्या आणि परवान्यांचे नियम कडक होत गेले. १९०१ च्या स्थलांतर-निर्बंध कायद्याने नव्या फेरीवाल्यांना दार बंद केले. जे आधीपासून होते ते मात्र पुढे अनेक वर्षे व्यवसाय करत राहिले. ऑस्ट्रेलियातील भारतीयांच्या इतिहासाचे हे एक जुने आणि दुर्लक्षित पान आहे.

उत्तरार्ध आणि वारसा

जमिनीच्या सट्ट्याने फुगलेली मेलबर्नची तेजी १८९० च्या दशकाच्या आरंभी कोसळली आणि १८९३ मध्ये अनेक बँकांनी दारे बंद केली. उधारीवर उभ्या असलेल्या कापडव्यापाराला हा मोठा आघात होता. जे ड्रेपर तगले त्यांनी भांडी, फर्निचर, चहापान असे विभाग जोडत आपल्या दुकानांची ‘डिपार्टमेंट स्टोअर’ बनवली. त्याच सुमारास नवे व्यापारीही आले : रशियन साम्राज्यातून आलेले सिडनी मायर आणि त्यांचे बंधू यांनी १९०० मध्ये बेंडिगो येथे लहानसे दुकान उघडले, आणि पुढे मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवर त्यांचे नाव झळकले. बकली अँड नन ही पेढी १९८२ मध्ये डेव्हिड जोन्सच्या ताब्यात गेली.

अशा दुकानांचा शेवट मुंबईत वेगळ्या रीतीने झाला. कलकत्त्यात १८८२ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटवे लेडलॉ’ या ब्रिटिश कापडपेढीचे मुंबईतील दुकान हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर होते. विलायती कपड्यांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत १९४६ पासून खादी भांडार चालू झाले. वसाहतीच्या ड्रेपरला याहून नेमके उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

या इतिहासाची साधने परदेशस्थ मराठी वाचकालाही सहज उपलब्ध आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर जुनी वृत्तपत्रे विनामूल्य खुली केली आहेत. मार्च आणि सप्टेंबरमधील कोणत्याही वर्षाचे पहिले पान उघडले, तर जहाजांची नावे, त्यांतून उतरलेल्या पेट्या आणि ‘नुकत्याच आलेल्या’ मालाच्या जाहिराती एकाखाली एक दिसतात. जहाज कोणत्या तारखेला आले आणि जाहिरात कोणत्या तारखेची आहे हे ताडून पाहिले की दुकानदाराची घाई कळते.

आजही कपड्यांचे हंगाम उत्तर गोलार्धात ठरतात आणि दक्षिणेत सहा महिन्यांनी येतात. डिसेंबरच्या उन्हात लोकरीच्या टोप्यांच्या जाहिराती संगणकाच्या पडद्यावर दिसतात. अंदाज बांधण्याचे काम यंत्रे करू लागली आहेत आणि मेलबर्नसाठीचे कपडे ढाका किंवा तिरुपूर येथे शिवले जातात. मात्र हंगामाच्या तोंडावर घाईची मागणी आली की जास्तीचे तास कोण भरतो, या प्रश्नाचे उत्तर १८८२ च्या फ्लिंडर्स लेनमध्ये जे होते त्याहून फारसे निराळे नाही.